सावित्रीमाई फुले : अडलेल्या बाईसाठी उघडं ठेवलेलं दार



क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले यांचं चरित्र आपल्या वस्तीतल्या शाळकरी पोरींनाही पाठ आहे. पहिली शाळा, अंगावर पडलेलं शेण, पिशवीतली दुसरी साडी, प्लेगच्या साथीतलं मरण. दर ३ जानेवारीला हे आपण ऐकतो आणि ऐकायलाच पाहिजे. पण माईंच्या आयुष्यातलं एक काम असं आहे की जे भाषणात एका ओळीत उरकलं जातं. त्यांनी व जोतीरावांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, एवढं म्हणून वक्ता पुढे सरकतो. समोर बायाबापड्या बसलेल्या असतात, पोटात वाढणाऱ्या नको असलेल्या गर्भाबद्दल बोलायचं कसं, हा संकोच असतो. मला त्या एका ओळीत काय काय दडलेलं आहे, ते जमेल तेवढं सविस्तर सांगायचं आहे. कारण तो प्रश्न माईंच्या बरोबर गेलेला नाही, आपल्या गल्लीत तो अजून आहे.

नायगावची मुलगी

सावित्रीमाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. वडील खंडोजी नेवसे पाटील, आई लक्ष्मीबाई. १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी, पुण्याच्या जोतीराव फुल्यांशी लग्न झालं. जोतीराव तेरा वर्षांचे. मुलीने शिकायचं नाही, तिने चूल, मूल आणि नवऱ्याचं घर सांभाळायचं, अशी तेव्हाची रीत. जोतीरावांनी ती घरातच मोडली. त्यांनी सावित्रीमाईंना शिकवलं, जोतीरावांना लहानपणापासून सांभाळणाऱ्या सगुणाबाई क्षीरसागरही सोबत शिकल्या. १८४८ साली पुण्यात बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि सावित्रीमाई तिथे शिकवू लागल्या. लोकांनी त्रास दिला. सासऱ्यांवर समाजाचं दडपण आलं आणि नवराबायकोला घर सोडावं लागलं. तरी काम थांबलं नाही. १८५४ साली त्यांचा काव्यफुले हा कवितासंग्रह छापून निघाला.

इथवरचं सगळ्यांना ठाऊक आहे. आता एक गोष्ट ध्यानात घ्या. या जोडप्याला मूल झालं नाही. तेव्हाच्या काळी (आणि खरं बोलायचं तर आजही) मूल नाही म्हटलं की दोष बाईचा. वांझ म्हणून तिलाच हिणवायचं आणि पुरुषाने दुसरी करायची. जोतीरावांनाही नातेवाइकांनी तसंच सुचवलं होतं, असं त्यांच्या चरित्रात सांगितलेलं आहे. त्यांनी ते साफ नाकारलं. त्यांचं म्हणणं असं की दोष पुरुषातही असू शकतो आणि मग त्या न्यायाने बाईनेही दुसरा नवरा का करू नये. ज्या बाईला समाज वांझ म्हणत होता, त्याच बाईच्या हातावर पुढे पस्तीस अडलेल्या बाया बाळंत झाल्या. ती हकीकत आता सांगतो.

काशीबाईची हकीकत

जोतीरावांचे एक मित्र होते सदाशिव बल्लाळ गोवंडे. सरकारी नोकरीत होते. त्यांच्या घरी स्वयंपाकाला काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा होती. चांगल्या घरची, सरळ वागणारी बाई. शेजारी एक शास्त्रीबुवा राहत. त्यांनी तिच्या मागे लागून लागून तिला फशी पाडलं. आधी तिने दाद दिली नव्हती. शेवटी नको ते झालं आणि तिला दिवस गेले.

शास्त्रीबुवांनी काय केलं? गर्भ पाडायची औषधं घे म्हणून तिला भरीस घातलं. तिने ती विषारी औषधं घेतली. गर्भ पडला नाही. नऊ महिने भरले, मुलगा झाला. आता उद्या गाव काय म्हणेल, या एका भयाने त्या आईने पोटच्या पोराच्या गळ्यावर सुरी चालवली आणि प्रेत घरामागच्या विहिरीत टाकलं. दोन दिवसांनी पोलिसांनी तिला धरलं. पुण्याच्या सेशन कोर्टात खटला चालला आणि तिला जन्मठेप, काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

ही हकीकत जोतीरावांनी स्वतः ४ डिसेंबर १८८४ रोजी मुंबई सरकारला लिहून कळवलेली आहे. बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यावर टिपणं काढली होती, त्यावर सरकारने लोकांची मतं मागवली होती. त्या उत्तरात जोतीरावांनी काशीबाईचं नाव घेतलं. तिला शिक्षा होऊन बरीच वर्षं लोटली होती, तरी ते तिला विसरले नव्हते.

काशीबाई समुद्रापलीकडे गेली. शास्त्रीबुवा कुठे गेले? कुठेच नाही. त्यांना शिक्षा झाल्याचं त्या हकीकतीत कुठे नाही.

कायदा कुणाला धरत होता

इथे कायद्याचं थोडं सांगितलं पाहिजे. इंग्रज सरकारने १८६० साली भारतीय दंड संहिता केली, ती १८६२ सालापासून लागू झाली. तिच्यात ३१२ वं कलम गर्भपाताचं. गर्भ पाडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. पोटात मूल हलू लागल्यानंतर पाडला तर सात वर्षांपर्यंत. बाईचा जीव वाचवण्यासाठी केला असेल तेवढीच सूट. आणि त्याखाली मुद्दाम खुलासा घातला की बाईने स्वतःचा गर्भ स्वतः पाडला तरी तीसुद्धा गुन्हेगार. ३१८ वं कलम, मेलेल्या अर्भकाची गुपचूप विल्हेवाट लावून जन्म लपवला तर दोन वर्षांपर्यंत कैद. मूल जन्मल्यावर मारलं तर तो सरळ खून.

म्हणजे बघा. बाईने गर्भ पाडला तर तुरुंग. लपवला तर तुरुंग. जन्म देऊन मारला तर फाशी नाहीतर काळं पाणी. आणि जन्म देऊन वाढवला तर? तर समाज तिला जगू देत नव्हता. केशवपन करून कोपऱ्यात बसवलेल्या विधवेच्या मांडीवर मूल दिसलं तर तिला घरातून हाकलणार, मग विहीर नाहीतर बाजार. चारी दिशा बंद. विधवेच्या पुनर्विवाहाला १८५६ च्या कायद्याने परवानगी दिली होती हे खरं, पण कायद्याने परवानगी दिली म्हणून जात परवानगी देते थोडीच.

हे सगळं बायकांच्याच वाट्याला का, याचं शास्त्रशुद्ध उत्तर पुढे बाबासाहेबांनी दिलं. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. त्यात त्यांनी दाखवून दिलं की जात टिकवायची तर बाहेर लग्न होऊ द्यायचं नाही, आणि त्यासाठी नवरा मेलेल्या बाईचं काय करायचं हा प्रश्न येतो. तिला जाळायचं, नाहीतर जन्मभर वैधव्य लादायचं. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह ही तिन्ही जात राखायची साधनं आहेत. म्हणजे जातीचं कुलूप बाईच्या पोटाला लावलेलं आहे. आपल्याकडे, कष्टकरी जातींत, पाट लावायची चाल होती. विधवा दुसरं घर करू शकत होती. म्हणून हा जाच उच्च म्हणवणाऱ्या जातींत जास्त होता. गंमत अशी की जी जात स्वतःला सर्वांत वरची म्हणवत होती, तिच्याच लेकीबाळी विहिरीच्या काठावर उभ्या होत्या, आणि त्यांना हात द्यायला आली ती माळ्याची बाई.

गंज पेठेतलं घर

काशीबाईच्या शिक्षेनंतर, १८६३ साली, जोतीराव-सावित्रीमाईंनी पुण्यात आपल्या राहत्या जागेतच बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. ब्राह्मण वस्तीच्या गल्लीच्या तोंडांवर जाहिराती लावल्या. त्यांचा आशय असा की अडचणीत सापडलेल्या विधवेने इथे यावं, गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हावं, मूल न्यायचं की ठेवून जायचं हे तिनेच ठरवावं. नाव कुठे फुटणार नाही.

विचार करा, ज्या माईंवर पंधरा वर्षांपूर्वी त्याच पुण्यात शेण फेकलं होतं, त्याच माई आता त्या फेकणाऱ्यांच्या घरच्या बायकांसाठी दार उघडून बसल्या होत्या. वय बत्तीस. रात्री-अपरात्री कोणी डोक्यावरून पदर ओढून येणार, तिला आत घ्यायचं, काही विचारायचं नाही. कोणाचं मूल, कसं झालं, तू कशी अशी, हे प्रश्न नाहीत. गरम पाणी, अंथरूण, बाळंतपण, पोराला पुसून दुपट्यात गुंडाळणं. ही कामं करायला जोतीराव बसत नव्हते, ती माईंच्या हातची. जाहिरात भिंतीवर लावायला धाडस लागतं, यात शंका नाही. पण वर्षानुवर्षं दुसऱ्याची बाळंतपणं करायला त्याच्यापेक्षा वेगळं बळ लागतं.

आता आकडा सांगतो, तो पोटात कालवतो. १८८४ पर्यंत या घरात पस्तीस विधवा येऊन बाळंत झाल्या, असं जोतीरावांनी सरकारला कळवलं आहे. त्या पस्तीस मुलांपैकी जगली किती? पाच. तीस मुलं गेली. का गेली? आईने गर्भ लपवण्यासाठी आधी जी विषारी औषधं घेतलेली असणार, त्यांनी पोटातच इजा झालेली होती म्हणून.

बंधू-भगिनींनो, या तीस मुलांकडे नीट बघा. दार उघडं होतं, तरी बाई दारापर्यंत पोचायच्या आधी कुणीतरी दिलेलं विष पिऊन आलेली असायची. कायद्याने गर्भपात बंद होता, म्हणून गर्भपात थांबला होता का? मुळीच नाही. तो वैदूकडे, शेजारणीकडे, अंधारात चालला होता. कायद्याने एवढंच झालं की जाणत्या माणसाचा हात दूर गेला आणि विषाची पुडी जवळ आली. सावित्रीमाईंनी तीस वेळा ते मेलेलं किंवा मरायला टेकलेलं पोर हातात घेतलं असेल. तरी पुढच्या बाईसाठी दार बंद केलं नाही.

नायगावचा प्रसंग

माईंची जी पत्रं उपलब्ध आहेत त्यांतलं एक २९ ऑगस्ट १८६८ चं, नायगावहून जोतीरावांना लिहिलेलं. त्यातला प्रसंग फार कमी सांगितला जातो. गणेश नावाचा एक ब्राह्मण तरुण, गावोगाव पंचांग सांगत फिरणारा. त्याचं महार समाजातल्या सारजा नावाच्या मुलीवर मन बसलं. ती सहा महिन्यांची गरोदर राहिली. गावाला कळलं. लोकांनी दोघांना धरून, मारीत गावातून फिरवलं, जीवच घेणार होते.

माईंना खबर लागली तशा त्या धावत गेल्या. त्या गर्दीपुढे एकट्या उभ्या राहिल्या आणि इंग्रजी कायद्यात खुनाला काय शिक्षा आहे, ते लोकांना बजावलं. लोक बिचकले. दोघांनी गाव सोडावं यावर तंटा मिटला, आणि माईंनी त्या दोघांना पुण्याला जोतीरावांकडे पाठवून दिलं.

यात मला दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे, काशीबाईच्या वेळी ज्या कायद्याने बाईचा घास घेतला, त्याच कायद्याचा धाक घालून माईंनी सारजाचा आणि तिच्या पोटातल्या जिवाचा बचाव केला. कायदा म्हणजे हत्यार आहे, ते कुणाच्या हातात आहे यावर सगळं असतं, हे त्यांना पुस्तक न वाचता कळलं होतं. दुसरी म्हणजे, ब्राह्मण विधवा असो की महाराची लेक, माईंच्या लेखी दोघी सारख्याच. पोटुशी बाई, जिच्या मागे जमाव लागलाय. तिची जात त्यांनी विचारली नाही. आणि यावेळी पुरुषालाही सोडून दिलं नाही, त्याला तिच्याबरोबर उभं केलं.

यशवंत

१८७४ साली या गृहात काशीबाई नावाची आणखी एक विधवा आली. ही वेगळी, काळ्या पाण्यावर गेलेली नव्हे. तिला मुलगा झाला. जोतीराव-सावित्रीमाईंनी तो दत्तक घेतला, नाव यशवंत ठेवलं. अनाथाला आसरा देणं वेगळं आणि त्याला आपलं नाव, आपलं घर, आपली मालमत्ता देणं वेगळं. जोतीरावांनी १८८७ साली मृत्युपत्र करून यशवंतला वारस केलं. माईंनी त्याला शिकवून डॉक्टर केलं. ज्या पोराला समाजाने पापाचं पोर म्हटलं असतं, ते पोर लोकांची नाडी बघू लागलं.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेच्या वेळी भाऊबंदांनी वाद काढला की दत्तक पोराला टिटवं धरायचा अधिकार नाही. तेव्हा सावित्रीमाई पुढे झाल्या, टिटवं हातात घेतलं आणि नवऱ्याच्या प्रेतापुढे चालल्या. बाईने स्मशानात जायचं नाही, अग्नी द्यायचा नाही, ही त्या वेळची रीत. ती त्यांनी मोडली कशासाठी? विधवेच्या पोराचा हक्क नाकारला म्हणून. आणि त्या क्षणी त्या स्वतः विधवा झालेल्या होत्या.

पुढे १८९३ साली सासवड येथे सत्यशोधक समाजाच्या परिषदेच्या अध्यक्षस्थानी त्या बसल्या. १८९७ साली पुण्यात प्लेग आला. यशवंत लष्करात डॉक्टर होता, तो आला आणि हडपसरजवळ ससाणे माळ्यावर रुग्णांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातला गायकवाडांचा आजारी मुलगा माईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणला. मुलगा वाचला असं सांगतात. माईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. वय सहासष्ट. मरतानाही पाठीवर दुसऱ्याचं पोरच होतं.

आपल्या जिल्ह्यातली आठवण

हे सगळं पुण्याचं झालं असं कुणी म्हणेल. तसं नाही. आपल्या पंढरपूरला चला. विठोबाच्या वारीच्या निमित्ताने लांबलांबहून विधवा येत. काही जणी पोट लपवून येत, तिथे बाळंत होत आणि मूल टाकून जात. कुणाचं नाव पुढे यायचं नाही, उरायचं ते पोर. पंढरपूरला सबजज्ज असलेले लालशंकर उमियाशंकर यांनी प्रार्थना समाजाच्या मदतीने १८७५ साली तिथे अनाथ बालकाश्रम काढला. तोच पुढे नवरंगे बालकाश्रम या नावाने ओळखला जाऊ लागला. न्यायाच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसालाही वाटलं की शिक्षा देऊन हे थांबायचं नाही, पाळणा ठेवला पाहिजे.

१८८१ साली सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी करण्यात आली. वर्तमानपत्रांनी साऱ्या बायकांच्या चारित्र्यावर ताशेरे झाडले. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली स्त्रीपुरुषतुलना हे पुस्तक लिहून पुरुषांना जाब विचारला. लोक त्यांच्यावर तुटून पडले, पाठीशी उभे राहिले ते जोतीराव. म्हणजे बघा, माईंनी हाताने जे केलं तेच ताराबाईंनी लेखणीने केलं. दोघींचा सवाल एकच. गुन्हा दोघांचा, तर शिक्षा एकटीला का?

आजचा हिशेब

स्वातंत्र्यानंतरही ३१२ वं कलम तसंच राहिलं. आडमार्गाने होणाऱ्या गर्भपातात बाया मरत होत्या. १९६४ साली केंद्र सरकारने आपल्या महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या अहवालावरून १९७१ साली वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. काशीबाईला शिक्षा झाली त्याला तोवर शंभरावर वर्षं झाली होती. तिच्या शंभर वर्षं आधी नाही, नंतर का होईना, सरकारी दवाखान्याचं दार थोडं उघडलं.

पण त्यातही मेख होती. गर्भनिरोधक साधन फसल्यामुळे राहिलेला गर्भ पाडायची मुभा १९७१ च्या कायद्यात विवाहित बाईलाच दिली होती. विधवा, परित्यक्ता, कुमारिका यांना ते कारण सांगता येत नव्हतं. म्हणजे कायद्याच्या मनातसुद्धा बाई म्हणजे कुणाची तरी बायको. २०२१ साली दुरुस्ती झाली, तेव्हा विवाहित हा शब्द जाऊन नुसती स्त्री आली आणि नवरा जाऊन जोडीदार आला. ठरावीक अडचणीतल्या बायकांना चोवीस आठवड्यांपर्यंत मुदत मिळाली. त्याच्या नियमांत गरोदर असताना जी विधवा झाली किंवा जिचा घटस्फोट झाला तिचा स्पष्ट उल्लेख आहे. बाईचं नाव डॉक्टरने फोडलं तर त्याला शिक्षा आहे. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित बाईलाही चोवीस आठवड्यांचा हाच हक्क आहे असं ठरवलं. विधवेचा विचार आणि नाव गुप्त राखायचं वचन, या दोन्ही गोष्टी गंज पेठेतल्या त्या घरात १८६३ साली होत्या. कायद्याला तिथवर यायला दीडशेच्या वर वर्षं लागली.

तरीही हिशेब पुरा झालेला नाही. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, पण तिच्या ८८ व्या कलमात तो जुना खुलासा तसाच आहे. १९७१ च्या कायद्याच्या चौकटीबाहेर बाईने स्वतःचा गर्भ पाडला तर ती अजून गुन्हेगार आहे. आणि चौकटीच्या आत परवानगी डॉक्टरांच्या मताने मिळते.

मी सूतगिरणीत उमर घातलेला माणूस. लहानपणी आमच्या चाळीत नवऱ्याने टाकलेली एक बाई होती, विड्या वळून पोट भरायची. तिला दिवस गेले. कायदा होऊन दहा-बारा वर्षं झाली होती, सरकारी दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर होता. पण तिथे लोक बघतील, नवऱ्याचं नाव विचारतील, या भीतीने ती कुणाकडून तरी काढा घेऊन आली आणि तिसऱ्या दिवशी गेली. चाळीत महिनाभर चर्चा तिचीच. तो कोण, हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्याचं नाव कुणी काढलं नाही. कायदा झाला होता, पण चाळीच्या जिन्यापर्यंत आला नव्हता.

म्हणून आपल्या भगिनींनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. अठरा वर्षांवरील सज्ञान बाईला कायद्याने गर्भपातासाठी फक्त स्वतःची संमती द्यावी लागते. नवऱ्याची सही आणा, सासूला बोलवा, असं कायद्यात कुठेही नाही. कुणी मागितली तर तसं सांगायचं. आणि काढे, पुड्या, दुकानातून विचारल्याशिवाय आणलेल्या गोळ्या यांच्या नादी न लागता दवाखान्यातच जायचं. त्या तीस मुलांचं मरण एवढं तरी शिकवतं.

आणखी एक. गर्भपाताचा हक्क वेगळा आणि पोटात मुलगी आहे म्हणून तो पाडायला लावणं वेगळं. लिंगतपासणीविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली देशात पहिला कायदा केला, मग १९९४ साली केंद्राने केला. मुलगी नको म्हणून बाईला दवाखान्यात ओढत नेणारे आणि विधवेला विषाची पुडी देणारे शास्त्रीबुवा, हे एकाच माळेचे मणी. दोन्ही ठिकाणी पोट तिचं आणि निकाल दुसऱ्याचा.

बाबासाहेबांनी जोतीरावांना गुरू मानलं ते उगाच नव्हे. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाच्या रजेच्या बिलाला त्यांनी पाठिंबा दिला. १० नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या पी. जे. रोहम यांनी विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला, त्याचं भाषण बाबासाहेबांनी तयार केलं होतं. मूल नको असेल तर ते ठरवायची मोकळीक बाईला हवी, हा त्यातला विचार. ठराव नामंजूर झाला. पण धागा तोच, गंज पेठेतल्या घरापासून आलेला.

आपल्या विहारात माईंचा फोटो आहे, त्याला आपण हार घालतो. त्याच्याबरोबर आणखी एक व्हावं. वस्तीतली कोणी लेक, सून, विधवा, टाकलेली बाई अडचणीत सापडली, तर तिला आपल्यापैकी एका तरी घराची कडी रात्री वाजवता यावी. आत घेणाऱ्याने कोणाचं, कसं, हे विचारू नये. तिला हवं असेल तर दवाखान्यात सोबत जावं, तिला ठेवायचं असेल तर त्या पोराचं बारसं आपण करावं. आणि बोट दाखवायचंच झालं तर शास्त्रीबुवाकडे दाखवावं. महिला मंडळाने आणि तरुण मंडळाने मिळून हे मनावर घ्यावं, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.

जय भीम, जय जोती, जय सावित्री.